घर बदलल्यावर जुन्या कौन्सिलची थकबाकी निघाली? कौन्सिल टॅक्सचं बिल मान्य नसेल तर काय करायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत

इंग्लंडमध्ये घर बदललं, नवीन ठिकाणी सगळं मार्गी लागलं, आणि काही महिन्यांनी (कधीकधी तर दोन-तीन वर्षांनी) जुन्या कौन्सिलचं (म्हणजे तिथल्या महापालिकेचं) पत्र येतं की कौन्सिल टॅक्सचे तुमच्याकडे अमुक पौंड बाकी आहेत, सात दिवसांत भरा. काही जणांच्या हातात तर पहिलं पत्रच बेलिफचं पडतं, कारण त्याआधीची सगळी पत्रं इमानदारीत जुन्या पत्त्यावर गेलेली असतात आणि तिथल्या नवीन भाडेकरूने ती रिसायकलिंगच्या डब्यात टाकलेली असतात. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न येतो, कुणी म्हणतं "इग्नोर कर", कुणी म्हणतं "भरून टाक बाबा, व्हिसाची भानगड नको", आणि दोन्ही सल्ले बहुतेक वेळा चुकीचे असतात.

सुरुवातीलाच सांगतो, हे सगळं इंग्लंडसाठी आहे. वेल्समध्ये मूळ कायदा तोच आहे पण बारीकसारीक फरक आहेत. स्कॉटलंडमध्ये वसुलीची पद्धतच वेगळी आहे (तिथे समरी वॉरंट निघतं, वर १० टक्के सरचार्ज लागतो आणि वसुलीला शेरिफ ऑफिसर येतात) आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स नाहीच, तिथे रेट्स आहेत.

आपली माणसं यात अडकतात त्याचं एक कारण म्हणजे आपल्याला घरपट्टीची सवय असते. पुण्यात नाहीतर ठाण्यात भाड्याने राहिलो तर घरपट्टी घरमालक बघतो, आपला महापालिकेशी संबंधच येत नाही. इथे उलट आहे. १९९३ पासून हा टॅक्स सुरू झाला तो मुळात घरात राहणाऱ्यावर, मालक फक्त काही ठराविक परिस्थितीतच धरला जातो. त्यामुळे "एजंटने कळवलं असेल" किंवा "लँडलॉर्ड बघेल" असं धरून चालू नका. घर सोडताना कौन्सिलला कळवायचं काम तुमचं आहे, आणि मागितलेली माहिती दिली नाही तर ७० पौंडांचा दंड लावायचा अधिकारही त्यांना आहे.

आधी बघा, पत्र कुठल्या पायरीचं आहे

भांडायच्या आधी हे करा, कारण कुठे दाद मागायची आणि हातात किती वेळ आहे हे याच्यावरच ठरतं. पायऱ्या साधारण अशा असतात: आधी बिल (त्याला ते डिमांड नोटीस म्हणतात), हप्ता चुकला तर रिमाइंडर, त्याला सात दिवस. तरी भरलं नाही आणि आणखी सात दिवस गेले की हप्त्यांची सोय जाते आणि वर्षाची सगळी रक्कम एकदम मागतात. घर सोडलेल्या माणसाला हप्ते नसतातच, त्याला क्लोजिंग बिल येतं, मग फायनल नोटीस. त्यानंतर मॅजिस्ट्रेट्स कोर्टाचं समन्स, आणि तिथून निघते ती लायबिलिटी ऑर्डर (हे पैसे तुम्ही देणं लागता असा कोर्टाचा आदेश). ही ऑर्डर मिळाली की कौन्सिल तुमच्या पगारातून कापू शकते, बेनिफिटमधून कापू शकते, किंवा केस बेलिफकडे (आता अधिकृत नाव एन्फोर्समेंट एजंट) देऊ शकते.

पत्रावर "लायबिलिटी ऑर्डर" हे शब्द आहेत का ते शोधा. नसतील तर तुमची बाजू बरीच सोपी आहे. असतील तरी सगळं संपलेलं नाही, पण रस्ता बदलतो, त्याबद्दल पुढे.

आणखी एक, पत्र खरं आहे ना तेही बघून घ्या. कौन्सिल टॅक्सच्या नावाने मेसेज आणि फोन करून फसवणारे भरपूर आहेत. पत्रातल्या किंवा टेक्स्टमधल्या नंबरवर फोन करायचा नाही, त्या कौन्सिलच्या वेबसाइटवर जाऊन तिथला नंबर घ्यायचा आणि अकाउंट रेफरन्स सांगून विचारायचं की असं काही आहे का. तेव्हाच विचारून घ्या: कुठल्या पत्त्याचं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुणाच्या नावावर, लायबिलिटी ऑर्डर निघाली असेल तर कधी निघाली. आणि सांगा की मला हे मान्य नाही, मी लेखी पाठवतोय/पाठवतेय, तोपर्यंत अकाउंटवर होल्ड टाका. होल्ड टाकणं त्यांच्यावर बंधनकारक नाही पण बऱ्याच ठिकाणी दोन-चार आठवड्यांचा टाकतात. फोनवर बोललेल्याचं नाव, तारीख, वेळ लिहून ठेवा.

मग स्वतः हिशोब करा

कौन्सिल टॅक्स दिवसाच्या हिशोबाने लागतो, आणि त्या दिवसाच्या शेवटी जी परिस्थिती असेल ती त्या पूर्ण दिवसाची धरतात. म्हणजे वर्षाचं बिल भागिले ३६५, गुणिले दिवस. समजा बिल २,१९० पौंडांचं आहे, म्हणजे रोजचे ६ पौंड. तुमची टेनन्सी ३१ ऑगस्टला संपली पण कौन्सिलकडे १२ ऑक्टोबर अशी तारीख आहे, तर ४२ दिवसांचा फरक पडला, म्हणजे २५२ पौंड, आणि त्यावर समन्सचा खर्च चढला की आकडा उगाच भयानक दिसायला लागतो. बहुतेक वाद हे असेच तारखेचे असतात, तत्त्वाचे नसतात, आणि म्हणून रागाने चार पानं लिहिण्यापेक्षा एक तारीख सिद्ध करणं जास्त उपयोगाचं.

बँक स्टेटमेंट काढा आणि कौन्सिलला गेलेली प्रत्येक रक्कम लिहून काढा. नेहमीचे हप्ते दहा असतात, एप्रिल ते जानेवारी, म्हणजे दहा महिन्यांत बारा महिन्यांचे पैसे जातात. मग कुणी जानेवारीनंतर घर सोडलं तर उलट त्यांच्याकडूनच परतावा निघू शकतो. पण कुणी जूनमध्ये घर सोडलं आणि सोडताना डायरेक्ट डेबिट बँकेतून बंद केलं तर शेवटचे थोडे पैसे खरंच राहिलेले असू शकतात. असं निघालं तर तेवढे मुकाट भरून टाका, त्यात भांडण्यासारखं काही नाही. भरलेले पैसे चुकून दुसऱ्या अकाउंटला गेलेत असंही होतं, विशेषतः एकाच कौन्सिलच्या हद्दीत घर बदललं तर, कारण दोन घरांचे दोन रेफरन्स नंबर असतात आणि आपण जुन्याच नंबरवर भरत राहतो. अशा वेळी फक्त "हे पैसे त्या अकाउंटला फिरवा" एवढंच सांगायचं असतं.

त्या दिवसांचा टॅक्स खरंच तुमचा होता का?

इथे जरा थांबून वाचा, कारण खरी मेख इथेच आहे. लोकल गव्हर्नमेंट फायनान्स अ‍ॅक्ट १९९२ च्या कलम ६ मध्ये एक उतरंड दिली आहे: घरात राहणारा मालक असेल तर तो, नाहीतर लीजवाला (लांब मुदतीच्या पट्ट्याने घर घेतलेला), मग भाडेकरू, मग नुसता परवानगीने राहणारा, मग जो कोण राहत असेल तो, आणि कुणीच राहत नसेल तर मालक. वरून खाली यायचं, जो पहिला सापडेल त्याच्यावर टॅक्स. नवरा-बायको किंवा एकत्र राहणारं जोडपं असेल तर दोघंही पूर्ण रकमेला जबाबदार, आणि एकाच टेनन्सीवर दोन-तीन मित्र असतील तरी तसंच. कौन्सिल त्यातल्या कुणाहीकडे सगळे पैसे मागू शकते, "माझा एक तृतीयांश मी भरला" हे त्यांच्यासमोर चालत नाही, ते तुम्ही मित्राकडून वसूल करायचं.

आता नेहमी येणाऱ्या केसेस बघू.

लवकर निघालात पण टेनन्सी चालू होती: समजा बारा महिन्यांचं फिक्स्ड टर्म अ‍ॅग्रीमेंट होतं आणि तुम्ही दहाव्या महिन्यात दुसरीकडे गेलात. घर रिकामं, पण राहिलेले दोन महिने टॅक्स तुमच्याच डोक्यावर, कारण सहा महिने किंवा जास्त मुदतीची टेनन्सी ज्याच्याकडे आहे तो रिकाम्या घराचा "मालक" धरला जातो. त्याच दिवसांत नवीन घराचाही टॅक्स चालू. "एका माणसाला दोन घरांचा टॅक्स कसा" हा प्रश्न सगळे विचारतात, पण कायद्यात ते बसतं. पूर्वी रिकाम्या घराला सूट मिळायची, एप्रिल २०१३ पासून ती द्यायची की नाही हे ज्या त्या कौन्सिलवर आहे आणि पुष्कळ ठिकाणी आता काही मिळत नाही. फक्त लँडलॉर्डने किल्ल्या परत घेऊन टेनन्सी तिथेच संपली असं मान्य केलं असेल, किंवा मधल्या काळात दुसरा भाडेकरू राहायला आला असेल, तर तुमची सुटका होते. म्हणून तो "किल्ल्या मिळाल्या, आजपासून टेनन्सी संपली" असा एका ओळीचा ईमेल सोन्यासारखा जपा.

फिक्स्ड टर्म संपून पुढे महिन्या-महिन्याने राहत होता: इथे अ‍ॅग्रीमेंटचे शब्द बघावे लागतात. त्यात "बारा महिने आणि त्यानंतर महिन्या-महिन्याने" असं आधीच लिहिलेलं असेल तर ती सगळी एकच सलग टेनन्सी धरतात, २०१६ मध्ये लीड्स कौन्सिल विरुद्ध ब्रॉडली या केसमध्ये कोर्ट ऑफ अपीलने तसं ठरवलंय, म्हणजे नोटीस संपेपर्यंत टॅक्स तुमचा. पण अ‍ॅग्रीमेंट याबद्दल गप्प असेल आणि टर्म संपल्यावर कायद्याने आपोआप महिन्याची टेनन्सी सुरू झाली असेल, तर ती सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीची असते, आणि तुम्ही घर सोडून गेल्यावर जबाबदारी लँडलॉर्डकडे जाते. कौन्सिलचा फोनवरचा माणूस हा फरक सांगेलच असं नाही, तुम्हीच लेखी मांडा. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये खाजगी भाड्याच्या फिक्स्ड टर्म टेनन्सीच बंद होऊन सगळ्या पिरिऑडिक (ठराविक शेवट नसलेल्या, महिन्या-महिन्याने चालणाऱ्या) झाल्या, त्यामुळे वरचा मुद्दा त्याआधीच्या काळातल्या थकबाकीसाठी धरा.

एक खोली भाड्याने घेतली होती: लँडलॉर्ड त्याच घरात राहत असेल आणि तुम्ही लॉजर असाल तर टॅक्स त्याचा. तो राहत नसेल पण प्रत्येकाचं वेगळं अ‍ॅग्रीमेंट आहे, किचन-बाथरूम शेअर आहे, तर ते घर एचएमओमध्ये (वेगवेगळ्या भाडेकरूंनी मिळून वापरायच्या घरात) मोडतं आणि तिथेही मालकच जबाबदार. स्लाव, हाउन्स्लो, हॅरोकडे सुरुवातीला अशा खोल्यांत राहिलेली आपली कितीतरी मुलं-मुली आहेत, आणि लँडलॉर्डने कौन्सिलला सरळ यांचीच नावं कळवलेली असतात. असं बिल आलं तर ते जवळजवळ नक्कीच उलटवता येतं, फक्त तुमचं अ‍ॅग्रीमेंट एका खोलीपुरतं आहे हे दाखवावं लागतं.

विद्यार्थी होता: घरातले सगळे फुल-टाइम विद्यार्थी असतील तर घराला पूर्ण माफी आहे, आणि ती मागच्या तारखेपासूनही मिळते, फक्त युनिव्हर्सिटीकडून कोर्सच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख असलेलं कौन्सिल टॅक्स सर्टिफिकेट आणा. गंमत अशी की विद्यार्थ्याबरोबर डिपेंडंट व्हिसावर आलेला नवरा किंवा बायको, ब्रिटिश नागरिक नसेल आणि व्हिसाच्या अटींमुळे त्यांना काम करता येत नसेल किंवा बेनिफिट घेता येत नसतील, तर तेही मोजत नाहीत, मग ते नोकरी का करत असेनात. हे कौन्सिलच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत असतंच असं नाही, व्हिसावरची "नो पब्लिक फंड्स" ही ओळ दाखवा. पण कोर्सची शेवटची तारीख उलटली, ग्रॅज्युएट व्हिसावर गेलात की त्या दिवसापासून तुम्ही विद्यार्थी नाही, आणि बरीच "अचानक" थकबाकी याच मधल्या काळाची असते.

घर विकलं असेल तर कंप्लीशनची (विक्री पूर्ण होऊन घर नावावरून गेल्याची) तारीख धरायची, एक्स्चेंजची (नुसता करार पक्का झाल्याची) नाही. सॉलिसिटरचं कंप्लीशन स्टेटमेंट पाठवलं की हा वाद बहुतेक एका ईमेलमध्ये मिटतो.

आणि त्या काळात घरात तुम्ही एकटेच मोठे होतात का (फ्लॅटमेट गेला, बायको-मुलं भारतात परत गेली) हेही बघा, कारण एकट्याला २५ टक्के सूट आहे आणि ती मागची मागता येते. थोडक्यात, बिल पूर्ण चुकीचं नसलं तरी कमी होऊ शकतं.

पुरावा जमवणं

तुम्ही कुठे राहत होतात आणि टेनन्सी कधी संपली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींचा पुरावा वेगवेगळा ठेवा. टेनन्सीसाठी अ‍ॅग्रीमेंट (सगळी पानं, शेवटची बारीक अक्षरातलीही), दिलेली नोटीस, एजंटचा त्यावरचा रिप्लाय, चेक-आउट रिपोर्ट, आणि डिपॉझिट परत मिळाल्याचा कागद. डिपॉझिट डीपीएस, मायडिपॉझिट्स किंवा टीडीएस या डिपॉझिट स्कीमपैकी एकीकडे नोंदवलेलं असतं, त्यांच्या ऑनलाइन अकाउंटमध्ये टेनन्सी संपल्याची तारीख दिसते आणि ती सहसा लँडलॉर्डनेच भरलेली असते, त्यामुळे नंतर तोच कौन्सिलला दुसरी तारीख सांगत असेल तर हा कागद फार बोलका ठरतो. राहण्यासाठी गॅस-इलेक्ट्रिकची शेवटची बिलं मीटर रीडिंगसकट, सामान हलवणाऱ्या व्हॅनची पावती, नवीन घराचं अ‍ॅग्रीमेंट आणि तिथलं कौन्सिल टॅक्स बिल, एचआरला पत्ता बदलल्याचा ईमेल.

काहीच सापडत नसेल तर जुन्या एजंटला ईमेल करा. आणि कौन्सिलकडे सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट टाका, फुकट असते, साधारण एका महिन्यात द्यावं लागतं. त्यात अकाउंटवरच्या सगळ्या नोट्स, पाठवलेल्या पत्रांच्या कॉपी, कुठल्या पत्त्यावर पाठवली, लँडलॉर्डने तुमच्याबद्दल काय कळवलं हे मागा. माझ्या मते जुन्या थकबाकीत हे पहिल्याच दिवशी टाकावं, कारण वादाचं मूळ बऱ्याचदा लँडलॉर्डच्या एका चुकीच्या फॉर्ममध्ये असतं आणि तो फॉर्म तुम्हाला दुसरीकडे कुठे दिसणारच नाही.

पत्र कसं लिहायचं

नुसतं "हे बिल चूक आहे" असं लिहिलं की ते कस्टमर सर्व्हिसच्या ढिगात जातं आणि दोन ओळींचं छापील उत्तर येतं. पत्राच्या वर ठळक लिहा की हा १९९२ च्या कायद्यातल्या कलम १६ खालचा अर्ज आहे. हे लिहिल्याने घड्याळ चालू होतं: कौन्सिलला उत्तर द्यायला दोन महिने, आणि नंतर तुम्हाला ट्रिब्युनलचा दरवाजा उघडा.

बाकी पत्र छोटं ठेवा. पूर्ण नाव, आताचा पत्ता, अकाउंट रेफरन्स, कुठल्या घराबद्दल. मग अशा धर्तीवर: "तुम्ही मला १ सप्टेंबर ते १२ ऑक्टोबर या काळासाठी जबाबदार धरलं आहे. माझी टेनन्सी ३१ ऑगस्टला संपली आणि त्याच दिवशी मी किल्ल्या एजंटला दिल्या. त्यानंतर त्या घरात माझं राहणंही नव्हतं आणि घरावर माझा हक्कही नव्हता. सोबत नोटीस, चेक-आउट रिपोर्ट आणि डिपॉझिटचा कागद जोडला आहे. माझी जबाबदारी ३१ ऑगस्टला संपवून दुरुस्त बिल पाठवा, समन्सचा खर्च काढून टाका, आणि निर्णय होईपर्यंत वसुली थांबवा." इंग्रजीतही इतकंच साधं लिहा. लँडलॉर्ड किती वाईट होता, बॉयलर कसा बंद होता, हे यात घालू नका, त्याचा टॅक्सशी काही संबंध नाही. ईमेलने पाठवा आणि ऑटो-रिप्लाय जपून ठेवा, किंवा ऑनलाइन फॉर्म असेल तर सबमिट केल्याचा स्क्रीनशॉट घ्या.

आणि जेवढी रक्कम मान्य आहे तेवढी त्याच दिवशी भरा. वाद चालू आहे म्हणून वसुली आपोआप थांबत नाही, बरेच लोक इथे फसतात. मान्य भाग भरलेला असला की नंतर कुणासमोरही तुमची बाजू चांगली दिसते.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला

मग व्हॅल्युएशन ट्रिब्युनल फॉर इंग्लंड. नावात व्हॅल्युएशन आहे म्हणून लोकांना वाटतं फक्त बँडच्या (घराच्या किमतीवरून ठरलेल्या टॅक्सच्या गटाच्या) तक्रारींसाठी आहे, पण जबाबदारी कुणाची, सूट मिळते का, माफी बसते का, हे सगळं तिथेच ठरतं. कौन्सिलने नकार दिला असेल तर त्या निर्णयापासून दोन महिन्यांत अपील करायचं, आणि दोन महिने उलटून उत्तरच आलं नसेल तर तुमच्या पहिल्या पत्रापासून चार महिन्यांच्या आत. फी नाही, वकील लागत नाही, आणि हरलात तरी समोरच्याचा खर्च तुमच्यावर येत नाही. मुदत चुकली आणि कारण खरंच तुमच्या हाताबाहेरचं असेल तर उशिराचं अपील घ्या अशी विनंती करता येते. तिथे पुन्हा तेच: तारखा आणि कागद, क्रमाने लावलेले.

समन्स आलं असेल किंवा ऑर्डर आधीच निघाली असेल

मॅजिस्ट्रेट्स कोर्टाबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज हा की तिथे जाऊन "मी तिथे राहतच नव्हतो" असं सांगितलं की सुटलो. तसं नाही. जे मुद्दे ट्रिब्युनलकडे नेता येतात ते या सुनावणीत काढता येत नाहीत, नियमातच तसं लिहिलंय. तिथे फक्त एवढंच बघतात की बिल आणि नोटिसा नीट पाठवल्या का, पैसे भरलेत का, नाव बरोबर आहे का, आणि रक्कम देय झाल्यापासून सहा वर्षांच्या आत कौन्सिल कोर्टात आली का. हा सहा वर्षांचा मुद्दा लक्षात ठेवा, पण उलटा अर्थ लावू नका: ऑर्डर आधीच निघालेली असेल तर नंतर दहा वर्षांनीही ते मागू शकतात. तरी सुनावणीला जा, निदान कोर्टाला आणि कौन्सिलला आधी लिहून कळवा की ट्रिब्युनलचा अर्ज चालू आहे, सुनावणी पुढे ढकला. कौन्सिलचा अधिकारी त्याच दिवशी कोर्टाच्या आवारात भेटतो आणि हातात कागद दिसले की पुष्कळदा तिथेच केस मागे घेतली जाते. खर्चाबद्दलही विचारा, कारण तो वाजवी असावा लागतो आणि आकडा कसा काढला हे कौन्सिलला सांगता आलं पाहिजे, २०१५ च्या निकोलसन केसमध्ये टॉटनहॅमच्या मॅजिस्ट्रेट्स कोर्टाने मंजूर केलेल्या १२५ पौंडांवरून हायकोर्टात नेमका हाच वाद झाला होता.

ऑर्डर तुमच्या नकळत निघाली असेल तर "मला पत्रच मिळालं नाही" एवढं पुरत नाही, कारण शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पोस्ट केलं की कायद्याने ते पोचलं असं धरतात. पण कौन्सिलला तुमचा नवीन पत्ता माहीत होता असं दाखवता आलं (त्यांच्याकडेच नवीन घराचं अकाउंट उघडलं होतं, बदलाचा फॉर्म भरला होता) तर गोष्ट वेगळी.

दोन रस्ते आहेत. सोपा रस्ता म्हणजे कौन्सिललाच पटवायचं की ऑर्डर निघायला नको होती, मग ती स्वतः कोर्टाकडे जाऊन ऑर्डर रद्द करून घेऊ शकते, किंवा कमी रकमेची करून घेऊ शकते. अवघड रस्ता म्हणजे तुम्ही कोर्टाला अर्ज करायचा, आणि त्यात २००८ च्या न्यूहॅम केसपासून तीन गोष्टी बघतात: जबाबदारीबद्दल खरोखर वाद घालण्यासारखं काही आहे का, ऑर्डर निघताना प्रक्रियेत मोठी चूक किंवा घोळ झाला होता का, आणि कळल्याबरोबर तुम्ही लगेच आलात का. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त लोकांना नडते. ऑर्डरबद्दल कळलं आणि चार महिने विचार करत बसलात तर अर्ज तिथेच पडतो.

दारात बेलिफ

आधी नोटीस ऑफ एन्फोर्समेंट येते, पूर्ण सात दिवसांची. केस त्यांच्याकडे गेली की ७५ पौंड आणि पहिली भेट झाली की २३५ पौंड, अशी फी २०१४ पासूनच्या नियमांत ठरवली गेली, शिवाय १,५०० पौंडांच्या वरच्या रकमेवर साडेसात टक्के. म्हणून पहिल्या पत्रालाच हालचाल करा. पहिल्या भेटीत ते जबरदस्तीने घरात शिरू शकत नाहीत, दार उघडायची सक्ती नाही, खिडकीतून नाहीतर फोनवर बोला. येण्याची वेळ सकाळी ६ ते रात्री ९. पण एकदा आत घेतलं आणि कंट्रोल्ड गुड्स अ‍ॅग्रीमेंटवर (सामान त्यांच्या नियंत्रणात आहे असं मान्य करणाऱ्या कागदावर) सही केली की पुढच्या वेळी त्यांचे अधिकार वाढतात. गाडी बाहेर उभी असेल तर तिच्यावर त्यांचं पहिलं लक्ष जातं, ती लांब ठेवा.

बेलिफशी टॅक्सबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात काही नसतं. कौन्सिलला लिहा की वाद चालू आहे, केस परत बोलवा. पैशांची खरंच ओढाताण असेल तर सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, नॅशनल डेटलाइन किंवा स्टेपचेंजशी बोला, सगळे फुकट आहेत, आणि डेट अ‍ॅडव्हायजरमार्फत ६० दिवसांची ब्रीदिंग स्पेस मिळू शकते, त्यात वसुली थांबते.

कौन्सिलने पुरावा वाचलाच नाही, माहीत असलेल्या नवीन पत्त्याऐवजी जुन्यावर पत्रं पाठवली, बेलिफने गैरवर्तन केलं, असं काही असेल तर आधी कौन्सिलची तक्रार प्रक्रिया पूर्ण करा आणि मग लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समनकडे जा, साधारण कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत. टॅक्स कुणाचा हे ते ठरवत नाहीत, पण कारभारातली चूक ठरवतात आणि खर्च माफ करायला, भरपाई द्यायला सांगतात.

व्हिसा आणि भारतात परतलेले

लायबिलिटी ऑर्डर म्हणजे सीसीजे (थकलेल्या कर्जाबद्दल काउंटी कोर्टाचा निकाल) नाही, ती अशा निकालांच्या रजिस्टरमध्ये जात नाही, त्यामुळे क्रेडिट स्कोअर कोसळेल ही भीती नको. पण नागरिकत्वाच्या अर्जात गुड कॅरॅक्टर बघताना आर्थिक वागणूक बघतात, त्यामुळे थकबाकी तशीच लोंबकळत ठेवून अर्ज करू नका, वाद चालू असेल तर त्याचे कागद ठेवा. आणि ज्यांच्या व्हिसावर नो पब्लिक फंड्स आहे त्यांनी कौन्सिल टॅक्स रिडक्शन (कमी उत्पन्नासाठीची सवलत) मागायचं नाही, ते पब्लिक फंड्समध्ये मोडतं. एकट्याची २५ टक्के सूट मात्र त्यात मोडत नाही, ती बिनधास्त घ्या. कौन्सिलचे फॉर्म बघायला सारखेच दिसतात म्हणून नाव नीट वाचून भरा.

ऑनसाइट संपवून भारतात परत आलेल्यांनीही हे सोडून देऊ नये, विशेषतः पुन्हा यूकेला जायचा विचार असेल तर. सगळं ईमेलवर होतं. निघतानाच कौन्सिलला भारतातला पत्ता आणि पर्सनल ईमेल (कंपनीचा नाही, तो बंद होतो) देऊन ठेवा आणि शेवटचं बिल ईमेलवर मागा. यूकेचं बँक अकाउंट परतावा येईपर्यंत बंद करू नका.

वाद जिंकलात की फोनवरच्या "सगळं क्लिअर झालं" वर थांबू नका. बाकी शून्य असल्याचं लेखी घ्या, समन्सचा खर्च आणि बेलिफची फी दोन्ही काढली का ते बघा, ऑर्डर रद्द झाली असेल तर कोर्टाचा कागद मागा, पगारातून कापायचा आदेश एचआरकडे गेला असेल तर तो मागे घेतल्याचं पत्र एचआरला पोचलंय का विचारा, आणि जास्त भरलेले पैसे परत मागा, कारण ते पुष्कळदा तुम्ही मागेपर्यंत अकाउंटवर क्रेडिट म्हणून नुसते पडून राहतात.